दिल्लीत दोन वर्षं ही पात्रता, मग जव्हारमध्ये दोन वर्षं का नाही?

पोस्ट मोठी आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, रात्री जेवणं झाल्यावर वाचा. पण वाचा, कारण विषय तुमच्या-माझ्या सातबाऱ्याचा, दवाखान्याचा आणि नळाला न येणाऱ्या पाण्याचा आहे.

मध्यंतरी आपल्याकडे पोरांसाठी स्पर्धा परीक्षा मार्गदर्शनाचा कार्यक्रम झाला. बातमी करायला गेलो होतो. हॉल भरलेला. जव्हारची पोरं होती, मोखाडा-खोडाळ्याकडून पहाटेची एसटी पकडून आलेली पोरं-पोरी होत्या. बाहेरून आलेल्या सरांनी फळ्यावर यूपीएससीची पात्रता लिहिली. कुठल्याही शाखेची पदवी. वय किमान २१. खुल्या प्रवर्गाला ३२ वर्षांपर्यंत, ओबीसींना ३५, अनुसूचित जाती-जमातींना ३७. पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा १७५० गुणांची, मुलाखत २७५ गुणांची. पोरं भराभर वहीत उतरवून घेत होती.

शेवटी प्रश्नोत्तरं झाली. मागच्या रांगेतून एक मुलगा उठला, मोखाड्याकडचा. म्हणाला, "सर, सचिव व्हायला आमच्याकडं किती वर्षं काम करावं लागतं?"

हॉल हसला. सरही हसले. म्हणाले, "तसं काही नसतं रे, पोस्टिंग मिळेल तिथं जायचं."

खोटं कशाला सांगू, मीही हसलो. पण घरी आल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. मग दोन-तीन रात्री बसून नियम वाचले. वाचल्यावर लक्षात आलं की त्या पोराचा प्रश्न चुकलेला नव्हता, आपलं हसणं चुकलं होतं.

आधी नियम काय म्हणतात ते सांगतो.

आयएएस होण्याचे रस्ते तीन. एक थेट यूपीएससी. दुसरा पदोन्नतीचा. राज्य सेवेतून उपजिल्हाधिकारी झालेल्या माणसाला आठ वर्षांच्या सेवेनंतर आयएएससाठी विचारात घेता येतं आणि साधारण एक तृतीयांश जागा या रस्त्याने भरायच्या असतात. वयाची अट ५६. आठ वर्षं ही कागदावरची, प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त जातात हे महसूलमधल्या कुणालाही विचारा. तिसरा रस्ता, महसूल सोडून इतर खात्यांतल्या राजपत्रित अधिकाऱ्यांसाठी. तो फार अरुंद. तिथे 'असामान्य गुणवत्ता आणि क्षमता' लागते. ती कोण मोजतं? वरचे साहेब. ज्या गावात त्या अधिकाऱ्याने काम केलं, त्या गावाला कुणी विचारत नाही.

आता त्याच्या वरची पायरी. केंद्रात सहसचिव व्हायचं, म्हणजे ज्यांच्या टेबलावर देशाच्या योजना तयार होतात त्यातला एक व्हायचं, तर त्या पदासाठीच्या यादीत नाव लागावं लागतं. २०२० मध्ये केंद्राने नियम केला की २००७ च्या तुकडीपासून पुढच्या आयएएस अधिकाऱ्यांना या यादीत यायचं असेल तर केंद्रात उपसचिव किंवा संचालक पातळीवर किमान दोन वर्षं काम केलेलं असलं पाहिजे.

पुन्हा वाचा. दिल्लीच्या कार्यालयात दोन वर्षं ही अट आहे. दोन वर्षं तिथे बसल्याशिवाय कारभार कळत नाही, असं सरकारच म्हणतंय. मला ते पटतंही. माझा प्रश्न एवढाच आहे. फाइल कशी चालते हे कळायला दिल्लीत दोन वर्षं लागतात, तर ती फाइल ज्या पाड्यासाठी चालते तो पाडा कळायला किती वर्षं लागतात? त्याची अट कुठल्या नियमात आहे? मला तरी सापडली नाही.

२०१८ मध्ये सरकारने आणखी एक दार उघडलं. बाहेरच्या तज्ज्ञांना थेट सहसचिव करायचं. जागा १०. पात्रता काय, तर वय किमान ४०, पदवी आणि १५ वर्षांचा अनुभव. खासगी कंपनीतला अनुभवही चालेल. सहा हजारांहून जास्त अर्ज आले, २०१९ मध्ये नऊ जण निवडले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा ४५ पदांची जाहिरात निघाली. आरक्षण कुठंय म्हणून देशभर ओरड झाली आणि तिसऱ्या दिवशी ती मागे घेतली. ओरड योग्यच होती. पण त्या गदारोळात एक गोष्ट निसटली. कंपनीत १५ वर्षं काढलेल्याचा अनुभव सरकारला मोजता येतो. आदिवासी तालुक्यात १५ वर्षं काढलेल्या गटविकास अधिकाऱ्याचा किंवा वैद्यकीय अधिकाऱ्याचा अनुभव मात्र वेगळा मोजावा असा तो असतो, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. त्याचं मोजमाप एकच, "बिचारा तिथे अडकलाय."

आता आपल्याकडे या.

ज्यांची वयं माझ्याएवढी आहेत त्यांना १९९२-९३ आठवत असेल. वावर-वांगणी. शंभराहून जास्त लेकरं कुपोषणाने गेली. देशभरच्या वर्तमानपत्रांत जव्हारचं नाव पहिल्यांदा गाजलं ते असं. मुख्यमंत्री आले, ताफे आले. तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो, जिल्ह्याचं ठिकाण डोंगराच्या पार पलीकडे. लोकांच्या हाताशी मोठा अधिकारी हवा, हे सरकारला तेव्हा पटलं आणि जव्हारला अप्पर जिल्हाधिकारी कार्यालय आलं. म्हणजे 'वरिष्ठ अधिकारी इथेच बसला पाहिजे' हे काही माझं खूळ नाही. सरकारने ते लेकरांच्या मरणानंतर मान्य केलेलं तत्त्व आहे.

मग १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. मुख्यालय जव्हारला द्या अशी मागणी होती. ते पालघरला गेलं. कोळगावला सिडकोने मोठं, देखणं मुख्यालय बांधलं. जव्हारपासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. मोखाड्याच्या माणसाने एका सहीसाठी गेलं की दिवस गेला, मजुरी गेली, आणि साहेब मीटिंगला गेलेले असले तर सगळंच गेलं.

बरं, साहेब इथे बसतात तेव्हा काय होतं?

तुम्ही कधी सरकारी कार्यालयातल्या साहेबांच्या खुर्चीमागचा लाकडी फलक नीट बघितलाय का? आजवरच्या अधिकाऱ्यांची नावं आणि पुढे 'पासून – पर्यंत' अशा तारखा. मी पत्रकार असल्याने साहेबांची वाट बघत तिथे बसण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. वाट बघताना तो फलक वाचायची सवय लागली. वरच्या जुन्या नावांपुढे तीन-तीन, चार-चार वर्षं. खाली येता येता महिन्यांचा हिशेब. एका कार्यालयात, नाव सांगत नाही, फळीवर जागा संपली म्हणून खाली कागद चिकटवलाय. त्या फळीवर मला सगळ्यात जास्त वेळा दिसलेला शब्द म्हणजे 'प्रभारी'. अतिरिक्त कार्यभार. म्हणजे खुर्ची इथली आणि माणूस दुसरीकडचा.

कुणी म्हणेल, साहेब बदलले म्हणून काय बिघडतं, सिस्टीम तर तीच असते. काय बिघडतं ते सांगतो.

वनहक्काचा दावा घ्या. कायदा २००६ चा. कागद ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हा समितीकडे. दोन्ही समित्यांचे अध्यक्ष महसुलातले साहेब. एक म्हातारे बाबा मला दरवर्षी भेटतात, दप्तराची पिशवी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. त्यांच्या जमिनीची मोजणी झाली, पंचनामा झाला, सुनावणी झाली. साहेब म्हणाले, पुढच्या महिन्यात करून टाकू. पुढच्या महिन्यात साहेबच बदलले. नवे आले. ते म्हणाले, मी स्वतः बघितल्याशिवाय सही करत नाही. चूक नाही त्यांची, प्रामाणिक माणूस असंच म्हणेल. त्यांनी बघायला सुरुवात केली आणि त्यांचीही ऑर्डर आली. बाबा मला म्हणाले, "भाऊ, सायब दरवेळी पहिलीत बसतो आन् मी पण त्याच्यासंगं पहिलीत बसतो."

याच्यावर मी वेगळं काय बोलू?

पाण्याचं बघा. मोखाड्यात पाऊस किती पडतो ते तुम्हाला सांगायला नको. कोचाळ्याला मध्य वैतरणाचं धरण आहे, १०० मीटरहून उंच. पाणी मुंबईला जातं. आणि एप्रिल-मेमध्ये त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर बायका टँकरची वाट बघत हंडे लावून बसतात. हा प्रश्न एका उन्हाळ्याचा नाही. एक उन्हाळा पाहणी, दुसऱ्या पावसाळ्यात आराखडा, तिसऱ्या वर्षी काम. तीन वर्षं एकच माणूस मागे लागला तर होतं. इथे पाहणी करणारा एक, आराखड्यावर सही करणारा दुसरा आणि उद्घाटनाला तिसराच. टँकर मात्र तोच.

ऑगस्ट २०२२ आठवा. स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव चालू होता, घराघरावर झेंडे होते. त्याच दिवसांत बोटोशीच्या मरकटवाडीतून एका बाळंतिणीला रस्ता नाही म्हणून डोलीत घालून न्यावं लागलं. जुळी लेकरं वाचली नाहीत. त्यानंतर रस्त्याची पाहणी झाली, अधिकारी आले. मला सांगा, त्या पाड्याला रस्ता नाही हे त्याआधी एकाही साहेबाला माहीत नव्हतं का? होतं. पण ज्याला माहीत होतं तो बदलून गेला होता, आणि जो होता त्याला अजून माहीत व्हायचं होतं.

आता कायद्याचं बोलू, म्हणजे कुणी म्हणायला नको की पत्रकार भावनेच्या भरात लिहितो. महाराष्ट्राचा बदल्यांचा कायदा २००५ चा आहे. एका पदावर साधारण कार्यकाळ तीन वर्षं. त्याआधी बदली करायची तर विशेष कारण लागतं आणि ते लेखी नोंदवावं लागतं. ३१ ऑक्टोबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यन आणि इतर निवृत्त अधिकारीच कोर्टात गेले होते. कोर्ट म्हणालं, अधिकाऱ्यांना ठरावीक कार्यकाळ द्या, बदल्यांसाठी मंडळ नेमा. २०१४ च्या जानेवारीत केंद्राने आयएएसच्या नियमांत दोन वर्षांचा किमान कार्यकाळ घातला.

म्हणजे कायदा आहे, कोर्टाचा निकाल आहे, नियम आहे. आणि तुकाराम मुंढेंच्या वीस वर्षांच्या नोकरीत वीसहून जास्त बदल्या पण आहेत. 'विशेष कारण' नावाच्या फटीतून अख्खा हत्ती जातो. लेखी कारण कुठल्या तरी फाइलमध्ये असेलही, पण ते तुम्हा-आम्हाला कधी कुणी वाचून दाखवलंय?

इथे मी अधिकाऱ्यांवर सरसकट राग काढत नाहीये. चांगले पाहिलेत. पायवाटेने चार-चार तास चालून पाड्यावर पोचलेले तरुण आयएएस मी पाहिलेत, त्यांच्या मागे कॅमेरा घेऊन माझाच दम निघालाय. आणि मोठ्या खुर्चीवर बरोबर माणूस बसला तर काय होतं याचीही उदाहरणं आहेत. राज्याचे मुख्य सचिव राहिलेल्या द. म. सुखथनकरांच्या समितीने सांगितलं म्हणून १९९३-९४ पासून आदिवासी उपयोजनेचा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरायला लागला. ब्रह्मदेव शर्मा १९६० च्या दशकाच्या अखेरीस बस्तरचे जिल्हाधिकारी होते. पुढे ते अनुसूचित जाती-जमातींचे आयुक्त झाले. पेसा कायदा १९९६ ला आला त्यामागे त्यांच्या कामाचा मोठा वाटा. २०१२ मध्ये सुकम्याचे जिल्हाधिकारी माओवाद्यांच्या ताब्यात होते तेव्हा मध्यस्थीला ज्यांची नावं पुढे आली त्यात हे म्हातारे गृहस्थ होते. हा विश्वास कुठल्या प्रशिक्षण संस्थेत मिळत नाही. तो बस्तरमध्ये मिळवला होता.

आपल्याच राज्यातले डॉ. राजेंद्र भारूड बघा. साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, भिल्ल समाजातले. कोरोनाची पहिली लाट ओसरत असताना सगळे सुटकेचा श्वास घेत होते, तेव्हा नंदुरबारचे जिल्हाधिकारी म्हणून त्यांनी ऑक्सिजनचे प्लांट उभे करायला घेतले. दुसऱ्या लाटेत मोठ्या शहरांत सिलिंडरसाठी धावाधाव चालली होती आणि नंदुरबारचं नाव देशभर चांगल्या कारणाने घेतलं जात होतं. दवाखाना लांब असणं म्हणजे काय हे ज्याला माहीत होतं, त्याने तयारी आधी केली.

आता हरकती. पोस्ट टाकल्यावर येणारच आहेत, म्हणून आधीच घेतो.

पहिली हरकत: "नवीन आयएएस पहिली पोस्टिंग प्रकल्प अधिकारी म्हणून आदिवासी भागातच करतात की." करतात, बरोबर. पण ती शिकाऊ वर्षं असतात. गाडी शिकायची आमच्या रस्त्यावर आणि चालवायला यायला लागली की ठाण्या-पुण्याच्या रस्त्यावर. हात बसलेला, अधिकार असलेला, मंत्रालयात कुणाला फोन करायचा हे माहीत असलेला अधिकारी इथे कितीदा परत येतो?

दुसरी हरकत: "सक्तीने पाठवलेला माणूस मन लावून काम करील का?" मग आज काय आवडीने येतात? आज इथे येणं म्हणजे शिक्षा, हे सरकारी भाषेत सगळ्यांना माहीत आहे. 'पालघरला टाकला', 'गडचिरोलीला फेकला' असंच बोलतात. इथे काम करणाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणी देतात, चार पैसे जास्त मिळतात. पण पैशाने शिक्षेचा शिक्का पुसला नाही. इथलं काम जर वर जायची पायरी ठरली, तर तोच माणूस स्वतःहून मागून घेईल. दिल्लीची दोन वर्षं जशी आता मागून घेतात तशी.

तिसरी हरकत: "सगळ्यांना पुरेल एवढ्या जागा कुठे आहेत?" अहो, राज्यात १३ जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत. रिकाम्या आणि प्रभारी खुर्च्या आधी भरा, मग जागा कमी पडतात का ते बघू.

चौथी हरकत मलाच सुचली. तीन वर्षं एखादा निकम्मा साहेब बसला तर? त्याचं काय? खरं आहे, ही भीती आहे. म्हणूनच नुसता कार्यकाळ मागत नाही, त्याचा हिशेबही मागतोय.

तर मागणी काय? चारच.

एक. आदिवासी विकास, आरोग्य, महिला-बालविकास आणि पाणीपुरवठा या खात्यांचा सचिव किंवा आयुक्त होणाऱ्याने, शिकाऊ वर्षं सोडून, अनुसूचित क्षेत्रात एक पूर्ण कार्यकाळ केलेला असला पाहिजे. हे काम राज्य सरकारच्या हातातलं आहे, त्यासाठी दिल्लीला विचारायची गरज नाही.

दोन. अनुसूचित क्षेत्रातल्या अधिकाऱ्याची मुदतीआधी बदली झाली तर लेखी कारण त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या वेबसाइटवर आणि कार्यालयाच्या दारावर लावा. कायद्याने कारण लिहायचंच आहे, मग ते दाखवायला लाज कसली?

तीन. जाणाऱ्या साहेबाने येणाऱ्या साहेबाला लेखी टिपण द्यावं. कुठल्या गावाला काय शब्द दिला, कुठला दावा कुठल्या टप्प्यावर आहे. ते टिपण ग्रामपंचायतीतही ठेवावं, म्हणजे माझ्या त्या बाबांना दरवेळी पहिलीत बसावं लागणार नाही.

चार. त्या अधिकाऱ्याच्या वार्षिक मूल्यमापनात ग्रामसभांचं मत जोडा. पेसाने ग्रामसभेला गौण वनोपजावर, गावाच्या योजनांवर अधिकार दिलाय. मग त्या योजना राबवणाऱ्याबद्दल चार ओळी लिहायचा अधिकार द्यायला काय हरकत आहे?

आमदार-खासदार ही पोस्ट वाचतात, मला माहीत आहे. लाइक न करता वाचतात. त्यांना एकच सांगणं. बदलीसाठी तुमची पत्रं जातात, हे गावात सगळ्यांना कळतं. नको असलेला साहेब हलवायला जसं पत्र जातं, तसं चांगला साहेब टिकवायला किती वेळा गेलं, तेवढं एकदा जाहीर करा.

आणि आता तुमच्यासाठी काम. पुढच्या वेळी तहसील, पंचायत समिती, प्रकल्प कार्यालय, दवाखाना, कुठेही कामाला गेलात तर खुर्चीमागच्या त्या फलकाचा, परवानगी घेऊन, फोटो काढा आणि खाली कॉमेंटमध्ये टाका. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा, डहाणू, तलासरी, सगळीकडचे. नावांवर चर्चा नको, कुणाची बदनामी नको. फक्त तारखा. मी बसून हिशेब करतो आणि तो मंत्रालयात लेखी पाठवतो, पोच घेऊन. पोचेचा फोटो इथेच टाकेन.

राहिला तो मोखाड्याचा पोरगा. त्याचा नंबर घेतलाय, काल फोन केला. म्हणालो, बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर 'शून्य वर्षं' असं आहे, आणि आम्ही सगळे हसलो त्याबद्दल माफ कर. तो म्हणाला, "राहू द्या काका, अभ्यास चालू आहे."

असू दे. तो साहेब होईल तेव्हा होईल. तोपर्यंत त्या फलकांचे फोटो तरी टाका.